उतारावरचा आवाज

श्रवणमहाराजांनी पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर पितळी नरसाळं टेकवलं, दुसरं टोक स्वतःच्या कानाला लावलं आणि डोळे मिटले. मैदानभर पसरलेली माणसं एका क्षणात गप्प झाली. इतकी शांतता मला माझ्या वर्गात परीक्षेच्या दिवशीसुद्धा कधी मिळालेली नाही.

"बाई आहे," महाराज डोळे न उघडता म्हणाले. "वयस्कर. गुडघ्याचं दुखणं होतं. काहीतरी सांगायचं राहून गेलंय तिचं."

गाडीचा मालक, चांगला बँकेतला अधिकारी, कडक इस्त्रीच्या पँटसकट मातीत बसला. "माझी मावशी," तो म्हणाला. "दवाखान्यात ह्याच गाडीतून नेलं होतं तिला."

"मोकळी झाली ती. जा, फिरवून बघ."

मघाशी खडखडत आत आलेली ती गाडी आता मैदानाला मुकाट्याने चक्कर मारून आली. लोकांनी हात जोडले. माझ्या शेजारची बाई पदराने डोळे पुसत होती. "किती सोसलं असेल हो त्या मावशीने," ती मला म्हणाली.

माझ्याही डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं, पण ते चिडून. मी प्रशिक्षण संस्थेत मोटार दुरुस्ती शिकवते. गाडी आत येतानाच मी ती खडखड ऐकली होती. सायलेन्सरच्या नळीवर उष्णता अडवायला एक पातळ पत्रा असतो. त्याचा बोल्ट गंजून सुटला की इंजिन मंद चालताना पत्रा थरथरतो. त्याला गुडघे नसतात.

ट्रक तोलायच्या, आता बंद पडलेल्या वजनकाट्याचं ते मैदान. दर रविवारी तिथे गाड्यांची रांग लागायची. महाराजांपुढे जाण्याआधी प्रत्येक गाडी निळ्या ताडपत्रीच्या आड 'शुद्धीस्नाना'ला जायची. मालकाने बाहेर डोळे मिटून बसायचं आणि आत शिष्यांनी गाडी धुवायची. धुणं बराच वेळ चालायचं आणि आतून पाण्याशिवायही आवाज यायचे, लोखंडाचे. ते कुणालाच कसे ऐकू येत नव्हते, हे मला आजही कळलेलं नाही. जिचा आवाज काही केल्या जात नसे, त्या गाडीतला आत्मा हट्टी ठरायचा आणि मालक ती गाडी भीतीने तिथेच दान करून जायचा. अशा हट्टी गाड्या काट्यामागे दिसायच्या आणि पुढच्या रविवारपर्यंत दिसेनाशा व्हायच्या. महाराज पैशाला शिवत नाहीत, असं लोक कौतुकाने सांगायचे. त्यांना गरजच काय होती?

मला त्या मैदानाशी काही देणंघेणं नव्हतं. पण गळ्यात सेवेकऱ्याची फीत घालून आणि तोंडात शिट्टी धरून गाड्या लावून देणारा माणूस माझा सख्खा मोठा भाऊ होता.

दादा शाळेची व्हॅन चालवतो. ती व्हॅन आमच्या वडिलांची. अप्पांनी तीस वर्षं मुलं पोचवली, मग गाडी दादाच्या हाती दिली आणि स्वतः तिची देखभाल करत राहिले. चालवायचं दादाने, गाडीखाली झोपायचं अप्पांनी, अशी त्यांची न बोलता झालेली वाटणी होती. तसेही अप्पा कमीच बोलायचे. मोठ्या सुट्टीच्या आधी ते अचानक गेले. शाळा पुन्हा सुरू झाली आणि काही आठवड्यांनी व्हॅन किंचाळायला लागली.

शाळेकडे जाणारा रस्ता टेकडीवरून उतरतो. चांगला लांब उतार आहे. खाली काटकोनात वळण, वळणावर लोखंडी कठडा, कठड्यापलीकडे नाला. त्या उतारावर दादाने ब्रेकला पाय लावला की बारीक, उंच आवाज यायचा. अंगावर काटा येईल असा. दादाने गाडी गॅरेजमध्ये दाखवली. तिथल्या सद्गृहस्थांनी पंख्याचा पट्टा बदलला. दुसऱ्या गॅरेजमध्ये दाखवली, त्यांनी "धूळ आहे" म्हणून सांगितलं. तोवर कुणीतरी दादाला महाराजांकडे नेलं, आणि महाराज नरसाळं लावून म्हणाले, "बाप आहे. उतारावर लेकाला हाक मारतोय."

दादा त्या रात्री जेवला नाही, असं वहिनीने मला फोनवर सांगितलं. ती पुढे म्हणाली, "आता आवाज बंद झालाय. महाराजांनी शांत केलं म्हणे अप्पांना. तुम्ही एकदा येऊन जा ना, ताई. मला काही सुधरत नाही."

आवाज बंद झालाय, हे ऐकल्यावर मी लगेच पिशवी भरायला घेतली. आवाज येत होता तोवर ठीक होतं. तो आपोआप बंद होण्यातला नव्हता.

शाळेला आठवडाभराची सुट्टी लागली होती, तेवढंच काय ते बरं. मी तो आठवडा दादाच्या घरीच राहिले.

"चाक उघडून बघू दे," मी म्हणाले. हे पहिल्या संध्याकाळी. नंतर हेच वाक्य मी किती वेळा म्हणाले असेन, देव जाणे.

"नाही. महाराजांनी सांगितलंय, सव्वा महिना गाडीला हत्यार लावायचं नाही. लोखंडाला लोखंड लागलं की आत्मा बिथरतो."

"दादा, अख्खी गाडीच लोखंडाची आहे."

"हेच. तुला सगळ्याची चेष्टा सुचते."

"मी चेष्टा करत नाहीये. तुझे ब्रेक पॅड संपलेत. उतारावर चौदा मुलं असतात तुझ्या मागे. त्यात तुझी स्वतःची मुलगी असते."

"तुला इथे बसून कळलं पॅड संपलेत ते? न बघता?"

"बघूच देत नाहीस ना."

"आणि महाराजांनाही न बघताच कळलं. मग त्यांचं खोटं आणि तुझं खरं कसं?"

बरोबर बोलत होता तो, आणि तरीही चूक होता. मी कागदावर चाकाचं चित्र काढून दाखवलं. त्याने ते बघितलं, नीट घडी घालून परत दिलं आणि म्हणाला, "मास्तरीणबाई, वर्ग सुटला." मी पालकांना सांगायची धमकी दिली. तो म्हणाला, "सांग. उद्यापासून व्हॅन बंद होईल, घर तू चालव." किल्ली त्याच्या उशाखाली असायची. ती काढून घ्यायचा विचार मी केला, नाही असं नाही. पण चोरून उघडलेल्या चाकात मी काहीही दाखवलं असतं तरी तो म्हणाला असता, तूच केलंस हे.

सगळ्यात जास्त राग मला कशाचा येत होता सांगू? तो मूर्ख नव्हता. मूर्ख माणसाशी वाद घालताना निदान मन शांत राहतं. दादा शहाणा आहे, प्रेमळ आहे, मुलांचे वाढदिवस त्याला पाठ असतात. फक्त अप्पा गेल्यावर त्याच्याशी अप्पांबद्दल कुणी बोललंच नव्हतं, आणि महाराज बोलले होते.

शेवटी मी ठरवलं, की ह्याच्या गाडीला हात लावता येत नाही तर महाराजांच्याच विद्येला लावू. येत्या रविवारपर्यंतचाच वेळ होता. सोमवारी शाळा उघडणार होती.

आमच्या संस्थेत मुलांना शिकवायला एक जुनी गाडी आहे. रविवारी सकाळी मी ती परवानगीने घेतली. पुढच्या डाव्या चाकावरचं प्लॅस्टिकचं झाकण काढलं, आत मूठभर नट टाकले आणि झाकण बसवलं. नट टाकण्याआधी प्रत्येकावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. गाडी हळू चालवली की चाकातून असा काही खुळखुळाट यायचा, की एखादी आळशी नर्तकी चालली आहे असं वाटावं.

रांगेत खांद्यावर टॉवेल टाकलेला एक शिष्य आला. मवाळ चेहरा, मवाळ बोलणं. "ताई, फार त्रास होतोय का गाडीचा? घरात कुणी गेलंय का एवढ्यात?"

"मोठे मामा गेले," मी डोळ्यांना रुमाल लावून म्हणाले. "फार जीव होता माझ्यावर. डाव्या पायाने लंगडायचे. पेटी इतकी सुंदर वाजवायचे, काय सांगू."

"अरेरे," तो म्हणाला आणि ताडपत्रीकडे गेला. माझ्या पुढच्या माणसाचंही ऐकून घेऊन तो असाच 'अरेरे' म्हणाला होता. आपल्याच तोंडून निघालेली माहिती आपल्यालाच साक्षात्कार म्हणून परत मिळते, आणि आपण पाया पडतो.

बँकेतल्या साहेबांची मावशी मोकळी झाली, मग माझी गाडी स्नानाला गेली, स्नान होऊन आली. महाराजांनी नरसाळं लावलं. हे नरसाळं मला फार खुपायचं. इंजिनातला आवाज नेमका कुठून येतो हे शोधायला आम्हीही लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावतो. चांगली, साधी पद्धत आहे ती. तिचं असं सोंग करून ठेवलं होतं ह्या माणसाने.

"डावं अंग ओढत कुणी चाललंय," महाराज म्हणाले. "आईच्या रक्तातला पुरुष. सूर ऐकू येतात मला. भाता हलतोय, बोटं फिरतायत."

गर्दीतून हलकासा सुस्कारा निघाला.

"मामा," मी म्हणाले.

"मामाच. भाचीसाठी अडकला होता. सोडवला त्याला. जा, फिरवून बघ."

गाडी फिरवायची गरज नव्हती. मी दादाकडे बघत होते. त्याच्या तोंडातली शिट्टी खाली आली होती. आमच्या आईला तीन बहिणी. भाऊ एकही नाही. लहानपणी आम्हाला मामा नाही म्हणून आम्ही दोघं शेजारच्यांच्या मामाला मामा म्हणायचो, आणि हे त्या मैदानात मी सोडून फक्त एका माणसाला ठाऊक होतं.

मी चाकाचं झाकण काढलं. आत काही नव्हतं. तिथून थेट ताडपत्रीमागे गेले. मवाळ शिष्य "ताई, तिकडे नाही" म्हणत मागे धावला, तोवर मी त्याची बादली मैदानात आणून उपडी केली. साबणाच्या पाण्याबरोबर पकड निघाली, पाना निघाला, वंगणाची डबी निघाली, एक गंजका बोल्ट निघाला, आणि लाल ठिपक्यांचे माझे नट निघाले.

"हे माझे मामा," मी म्हणाले. "मीच घरून आणले होते."

मग मी जमेल तेवढ्या मोठ्याने सांगत सुटले. पट्टा किंचाळत असेल तर त्यावर पाणी मारलं की तो थोडा वेळ गप्प बसतो. पत्रा खडखडत असेल तर काढून टाकला की झालं. बँकेतल्या साहेबांनी गाडीखाली वाकून बघावं, पत्रा नसेल. चाकाचं बेअरिंग घुमत असेल तर ते बादलीभर पाण्याने बरं होत नाही, म्हणून त्या गाड्यांना महाराज सांगतात की आत्मा जप करतोय. हसले थोडे लोक. मला वाटलं, झालं काम.

महाराज हलले नाहीत. ते अतिशय शांतपणे म्हणाले, "मुली, तू खोटं घेऊन आलीस, तुला खोटं मिळालं. जे खरं दुःख घेऊन आले, त्यांना खरं मिळालं."

आणि गर्दीने मान डोलावली. शपथेवर सांगते, मान डोलावली. "हिचं खोटं होतं, पण आमचं खरं होतं," मघाची पदरवाली बाई म्हणाली. बँकेतला साहेब गाडीखाली वाकला नाही. "कशाला आलीस मग इथे, लोकांच्या भावना दुखवायला?" कुणीतरी मागून विचारलं, आणि दोनचार जण माझ्या अंगावर आले. दादाने मध्ये पडून मला गाडीत बसवलं. डोळ्यांसमोर नट पडले होते, आणि त्यांना नट दिसत नव्हते. इतकी हताश मी कधी झाले नव्हते.

घरी आल्यावर दादा बराच वेळ दाराशी उभा राहिला. गळ्यातली फीत त्याने काढून खुंटीला अडकवली होती, फेकली नव्हती.

"मामाचं खोटं होतं," तो म्हणाला. "मान्य. पण अप्पांचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकलाय. रोज. त्याच उतारावर."

"मीही तेच म्हणतेय. आवाज खराच होता."

"आणि अप्पा गेल्यावरच आला. आधी इतकी वर्षं नाही आला. ह्याचं सांग मला काय ते."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनी आतून आली. तिच्या हातात व्हॅनची किल्ली होती. उशाखालची. ती तिने दादापुढे धरली.

"उद्या ती त्या गाडीत बसणार आहे," आपल्या मुलीकडे बघत ती म्हणाली. "ताईंचं चुकीचं निघालं तर मी स्वतः महाराजांच्या पाया पडेन, नाक घासेन. पण उघडून बघा. न बघता मी नाही तिला पाठवणार, आणि दुसऱ्यांचीही पाठवू देणार नाही."

दादाने किल्ली घेतली नाही. पण अडवलंही नाही. अंगणात मी जॅक लावला, नट सैल केले आणि पुढचं उजवं चाक काढलं. पॅड बाहेर काढून त्याच्या हातात दिला.

"ही बघ. कडेला पोलादाची छोटी पट्टी आहे, जिभेसारखी वाकलेली. पॅड झिजत झिजत संपत आला की ही पट्टी चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला टेकते आणि किंचाळते. तेवढ्यासाठीच बसवलेली असते. ह्या चाकात ती अजून टेकली नव्हती, थोडं बाकी होतं."

मग डावं चाक काढलं. पॅडचं काळं अस्तर नखाच्या जाडीइतकं उरलं होतं. पट्टी तिथेही होती, पण डिस्कपासून लांब, उलटी मागे वाकवलेली. तिच्यावर पकडीच्या दातांचे व्रण चकाकत होते, गंजायलाही वेळ मिळाला नव्हता.

"शुद्धीस्नान," मी म्हणाले. "त्यांनी तुझे ब्रेक नाही दुरुस्त केले, दादा. तुला सांगणाऱ्याचं तोंड बंद केलं. हे अस्तर संपलं असतं आणि लोखंडावर लोखंड घासलं असतं. मग उतारावर तू पाय दाबला असतास आणि गाडीने तुझं ऐकलं नसतं. कुठल्या दिवशी ते मला सांगता येत नाही."

त्याने दोन्ही पॅड दोन्ही हातांत धरले. एक पट्टी सरळ, एक वाकडी. पुन्हा पुन्हा बघत होता.

"पण अप्पा गेल्यावरच का?" त्याने पुन्हा विचारलं, आता अगदी हळू.

वहिनी पायरीवर बसली होती. "कारण दर मोठ्या सुट्टीत ते गाडीखाली असायचे," ती म्हणाली. "सकाळी सकाळी. तुम्ही झोपलेले असायचात. काळे हात घेऊन चहा मागायला यायचे माझ्याकडे. ह्या सुट्टीत नव्हते ते."

दादा खाली बसला. मग तो वाकडी पट्टी अंगठ्याने चाचपत म्हणाला, "एकदा मी होतो त्यांच्याबरोबर दुकानात. दुकानदाराने दुसरे पॅड काढले होते, ह्या पट्टीशिवायचे. अप्पांनी परत दिले. म्हणाले, मुके नकोत, ओरडणारे द्या. हा विसरभोळा आहे, माझ्यामागे ह्याला कुणीतरी सांगायला हवं."

तो रडला. अप्पांना जाऊन इतके महिने झाले होते, आणि मी त्याला पहिल्यांदा रडताना बघत होते.

सोमवारी व्हॅन सुटली नाही. पालकांना फोन करून त्याने खरं कारण सांगितलं. काही जण चिडले, आणि दोघांनी मुलं काढूनही घेतली. मंगळवारी नवे पॅड बसवले, ते त्याने स्वतः, मी नुसती बाजूला उभी राहून. बुधवारी मी त्याच्या शेजारी बसून उतार उतरले. काहीही आवाज आला नाही, आणि ह्या वेळी त्या शांततेची मला भीती वाटली नाही.

मैदानात पुढच्या रविवारीही रांग होती, असं ऐकलं. थोडी लहान होती म्हणतात. महाराजांनी आता मालकांना ताडपत्रीपासून आणखी लांब बसवायला सुरुवात केली आहे. मला वाटायचं, नट दाखवले की माणसं बघतील. नाही बघत. ज्याला आपल्या गेलेल्या माणसाचा आवाज हवा असतो, त्याच्यापुढे नटांचं काय चालतं? पण म्हणून आम्ही बादल्या उपड्या करायचं सोडून द्यायचं, असं मात्र मला कुणी सांगू नये.

आणि तुम्हाला एवढंच सांगायचंय. गाडी असो, घर असो, शरीर असो, आवाज करायला लागलं की ते काहीतरी सांगत असतं. ते बंद करून देतो म्हणणाऱ्याला आधी विचारा, कशाचा आवाज होता आणि तू नेमकं काय केलंस? समोर उभं राहून बघू द्यायला तो तयार नसेल, तर तिथून उठा. आमचे अप्पा कुठल्याही गाडीत अडकलेले नाहीत. आपल्या मागे मुलाला कुणीतरी ओरडून सांगावं, एवढी सोय ते करून गेले होते. ती आम्ही हात जोडून, डोळे मिटून, पकडीने वाकवून घेतली.